आमच्या घरात बाबा भाडेकरू

आमच्या बाबांना कुणाच्या बंगल्याचा किंवा मोटारीचा हेवा वाटत नाही. त्यांना समोरच्या सलीलकाकांच्या भाड्याच्या घराचा हेवा वाटला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

सलीलकाका आणि बाबा यवतमाळला एकाच बियाणे कंपनीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसतात. हुद्दा सारखा, पगारही सारखा. पण दर फेब्रुवारीत पगारातून कर कापला गेला, की बाबा घरी येऊन पंख्याकडे बघत पडून राहतात, आणि सलीलकाका शिट्टी वाजवत स्कूटर धुतात. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबांनी या शिट्टीचं कारण शोधून काढलं.

"सुचित्रा, तो भाडं भरते," बाबा आईला म्हणाले. (सलीलकाकांचं एखादं व्यसन हाती लागावं, तसा त्यांचा आवाज होता.) "पगारात घरभाड्याचा भत्ता असते न, भाडं भरणाऱ्याचा तो भत्ता कर लावायच्या आधीच बाजूला काढतात. वरून जेवणाची कुपनं घेते, त्याच्यावरही कर नाही. आणि आपण मात्र घरच्या घरात राहून पूर्ण कर भरून राहिलो."

"मग घर सोडायचं का?" आई कणीक मळता मळता म्हणाली.

आईने हे गमतीने म्हटलं होतं. बाबांनी त्यावर दोन दिवस विचार केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की घर सोडायची गरज नाही, कारण घर त्यांचं नाहीच. ते आबांच्या नावावर आहे. वडिलांना भाडं द्यायचं, पावती ऑफिसात द्यायची, आणि रात्री आबांनी पैसे परत करायचे.

मी तेव्हा दहावीत होते. हेवा मलाही वाटत होता. (हा आमच्या घराण्याचा रोग असावा.) सलीलकाकांची मिताली माझ्याच वर्गात होती आणि तिला स्वतःची खोली होती, आतून कडी लावता येणारी. ती साधा सर्दीचा निरोप सांगतानासुद्धा "काल माझ्या खोलीत मला शिंका आल्या" असं सांगायची. मी पुढच्या खोलीत दिवाणाच्या टोकावर, टीव्हीकडे पाठ करून अभ्यास करायचे. मागे एक खोली होती, पण तिच्यात आबांच्या पेट्या होत्या.

"कर वाचला की मागची खोली आवरू," बाबा मला म्हणाले. "टेबल आणू, पंखा लावू. दहावीची परीक्षा तू त्या खोलीतून देशील." (परीक्षा शाळेत असते, पण भावना पोचली.)

आमचे आबा दारव्ह्याच्या भूमापन ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी बाबांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "भाडं देशील म्हणजे खरंच देशील?"

"म्हणजे कागदावर देईन, आबा."

"मी जन्मभर जमिनी मोजल्या, मधुसूदन. कागदावर जे असते ते जमिनीवर असावं लागते. भाडं लिहिशील, तर भाडं घेईन."

"घ्या न. घरातल्या घरात तर आहे," बाबा हसत म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस ते तसे हसले नाहीत.

आबांनी रीतसर करारनामा केला. साक्षीदार म्हणून सलीलकाकांनाच बोलावलं. भाड्याने काय काय देतो, हे आबा एकेक विचारून लिहीत होते. "पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर. मागची खोली?"

"तिचं काय लिहिता, तिच्यात तुमच्याच पेट्या आहेत," बाबा म्हणाले.

"मग ती मालकाकडे," आबांनी लिहून टाकलं.

पुढच्या महिन्यापासून आबा बदलले. भाड्याचे पैसे त्यांनी रात्री परत केले नाहीत. सकाळीही केले नाहीत. आईने भिंतीवर कॅलेंडर लावायला खिळा घेतला, तर आबा म्हणाले, "सूनबाई, मालकाला विचारलं का?" आईने विचारलं. मालकाने परवानगी दिली, पण खिळा स्वतः ठोकला, म्हणजे वाकडा ठोकला. बाबांचे मित्र रात्री गप्पा मारत बसले, की आबा खाकरायचे. आणि भाडं सात तारखेच्या पुढे गेलं, तर आबा जेवताना बाबांशी न बोलता फक्त वरण वाढा म्हणायचे.

"मी तुमचा मुलगा आहे," बाबा एकदा म्हणाले.

"ते वेगळं खातं आहे," आबा म्हणाले.

दसऱ्यानंतर मी ठरवलं, की आता बाबांची वाट बघण्यात अर्थ नाही. मागची खोली मालकाकडे आहे, तर मालकालाच मागावी. रोज संध्याकाळी मी आबांच्या खुर्चीजवळ जायचे आणि तोंड उघडायचे. त्यातून "आबा, चहा घेणार?" एवढंच बाहेर पडायचं. आबांचा चहा फार वाढला. खोली काही मिळाली नाही.

दिवाळीत बोरी अरबजवळच्या तांड्यावरून नेमसिंगकाका आले. आबांनी पूर्वी त्यांच्या शेताची मोजणी केली होती, तेव्हापासूनची ओळख.

"आबासाहेब, यंदा कापसाले भाव नाही. विकाचा नाही म्हणतो आत्ताच," ते म्हणाले. "पण घरी छत गळून राह्यलं. तुमची ते मांगची खोली रिकामी हाये न? भाव आला का घेऊन जातो. फुकट नाही मांगत, भाडं देतो."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. ती खोली माझी आहे, हे वाक्य मनात अगदी तयार होतं, व्याकरणासकट. मी तोंड उघडलं.

"काका, साखर किती?" मी विचारलं.

दोन दिवसांनी आबांच्या पेट्या पलंगाखाली गेल्या आणि खोलीत छतापर्यंत कापूस भरला. कापूस दमट होऊ नये म्हणून आबांनी बाबांच्या भाड्याच्या पैशांतून तिथे नवा पंखा लावला. मी दिवाणावर घामाघूम होऊन भूमिती सोडवत होते आणि आत कापूस वाऱ्यात आरामात पडला होता. माणसाने माणसाचा हेवा करावा, हे मी समजू शकते. मी कापसाचा हेवा केला.

बाबांची अवस्था माझ्याहून वाईट होती. नेमसिंगकाका भाडं तारखेच्या आधी द्यायचे, वर त्यांच्या बायकोने, हंसाबाईकाकूंनी बांधून दिलेल्या तुरीच्या शेंगा आणि बोरं आणायचे.

"भाडेकरू असावा तर असा," आबा सगळ्यांसमोर म्हणायचे.

पुढच्या महिन्यात बाबांनी भाड्याबरोबर पाव किलो जिलबी आणली. नेमसिंगकाकांनी डिंकाचे लाडू आणले. बाबांनी खवा आणला. सलीलकाकांकडे वाचलेल्या कराचं काय झालं माहीत नाही, आमच्याकडे तो आबांच्या पोटात जात होता. डॉक्टरांनी आबांना गोड बंद सांगितलं, तेव्हा कुठे ही स्पर्धा थांबली.

मिताली एकदा वही घ्यायला आली आणि कापसाची खोली बघून दारातच थबकली. "तुमच्याकडे किती मजा असते ग," ती म्हणाली. मला वाटलं, ती टोमणा मारते आहे.

जानेवारीच्या शेवटी नेमसिंगकाका ट्रॅक्टर घेऊन आले. "नेतो आता, आबासाहेब. भाव काही येऊन नाही राह्यला, उंदीर मात्र येऊन राह्यले."

खोली रिकामी झाली. आबा दारात उभं राहून म्हणाले, "आता ही कोणाले द्यावी?"

"मला," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला, की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "केव्हापासून मनात होतं?"

"दसऱ्यापासून."

"मग बोलली काहून नाही? तुझ्याकडून काय मी भाडं घेतलं असतं?"

बाबांनी हे ऐकलं आणि ते कडी आणायला बाजारात निघून गेले.

संध्याकाळपर्यंत मला टेबल मिळालं, पंखा होताच. बाबांनी आतून कडी बसवून दिली. मी पुस्तक उघडलं, कडी लावली आणि दहावीच्या आयुष्यातलं सगळं सुख एकदम अनुभवायला बसले. अर्धं पान वाचून झालं असेल. बाहेर कुणीतरी हसलं. मग पुन्हा हसलं. काय झालं ते मला कळेना. इतकी वर्षं घरात कोण काय बोलतं, कोण कुणावर रुसतं, हे सगळं मला दिवाणावरून पाठमोरं बसूनही दिसत असे. इथे समोर फक्त भिंत होती.

मी हळूच कडी काढून डोकावले. बाबा आणि सलीलकाका गप्पा मारत होते, आई शेंगा सोलत होती, आबा काहीतरी सांगत होते. आणि दिवाणाच्या टोकावर, टीव्हीकडे पाठ करून, मांडीवर भूमितीचं पुस्तक घेऊन मिताली बसली होती.

"हिला तिच्या खोलीत एकटीला करमत नाही म्हणे," आई मला म्हणाली. "परीक्षेपर्यंत इथेच बसणार आहे."

मी बाहेर यायला एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"अनघा, तू आत जा बेटा," आबा मायेने म्हणाले. "इथं आमच्या गोंधळात तुझा अभ्यास होणार नाही." आणि त्यांनी स्वतः उठून माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.