कॉफी, दूध जास्त, कडक नको

शब्दांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरं म्हणून सांगतो! आता साधा 'कॉफी' हा शब्द घ्या. तुम्हाला वाटतं, त्याचा अर्थ कॉफी. इतकं भोळं राहून कसं चालेल? आमचे साहेब 'जरा कॉफी घेऊ या' म्हणाले, की समजायचं आज आपली हजेरी घेतली जाणार. शेजारच्या टेबलावरचा बापट्या 'चल, कॉफी' म्हणाला, की तिसऱ्याची निंदा ऐकायला मिळणार. आणि रस्त्यात भेटलेला जुना मित्र 'एकदा कॉफीला भेटू' म्हणाला, की खुशाल समजावं, हा आता जन्मात भेटत नाही. मला हे सगळं कळतं. बायकोला कळत नाही, म्हणून मी तिला वेळोवेळी समजावून सांगतो.

तर त्या आठवड्यात बायको बहिणीकडे गेली होती. घरात रंगकाम निघालं होतं आणि रंगाच्या वासाने तिला शिंका येतात. एक सुरू झाली की मोजणं सोडून द्यावं इतक्या! बायको शिवणकाम करते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात मान मोडून शिवलं, आता घरातच स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. हॉलमध्ये मशीन, कटिंगचं टेबल, मोठा आरसा असा सगळा थाट. पहिली ऑर्डरही जवळजवळ हातात होती. एका इस्पितळाच्या मेट्रनबाई सगळ्या नर्सेसचे पांढरे एप्रन शिवून घेणार होत्या आणि जागा बघायला येणार होत्या. जाताना बायकोने दारातून बजावलं, "भिंती पांढऱ्या. रंगीत भिंतीसमोर कापडाचा खरा रंग कळत नाही. पेंटरला आठवणीने सांगा."

मी म्हणालो, "रंगाचं तू माझ्यावर सोड."

तिने सोडलं. तिथेच चुकलं.

सकाळी पेंटर भिंती घासत होता आणि मला ऑफिसला उशीर झाला होता. रंग कुठला ते विचारायला दुपारी फोन करा, असं ओरडून मी जिना उतरलो. त्याप्रमाणे दुपारी फोन आला. मी नेमका कँटीनच्या रांगेत. फोन कानाला लावला आणि त्याच क्षणी माझा नंबर लागला. मग मी कँटीनवाल्याला खणखणीत आवाजात सांगितलं, "कॉफी. दूध जरा जास्त. कडक नको. दोन द्या."

दुसरी बापट्यासाठी होती. नंतर फोनमध्ये 'हॅलो' म्हणालो, तर पेंटर 'समजलं साहेब' म्हणून मोकळा. मला वाटलं, बायकोने परस्पर सांगितलं असणार. कामाची माणसं अशी असावीत, असंही मी बापट्याला म्हणालो.

तासाभराने बायकोचा फोन. तिने पेंटरला काय चाललंय म्हणून विचारलं होतं, तर तो म्हणाला, हॉलमध्ये कॉफी चाललीय, साहेबांनीच सांगितली. बायको वैतागली होती. माणसाला एकदा कॉफी द्यावी, दोनदा द्यावी, पण तो दिवसभर कॉफीच घेत बसला तर रंग कधी देणार, असं तिचं म्हणणं. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. पण गड्याने आमचा डबा शोधून, माझं नाव सांगून कॉफी केली असेल, तर पिऊ दे बिचाऱ्याला! मन मोठं हवं. ते मन दाखवायला मी मुद्दाम त्याला फोन केला.

"काय, झाली का कॉफी?"

"हॉलमध्ये झाली साहेब. पण बरीच उरलीय. किचनमध्ये घेऊ का?"

"अहो, किचनमध्येच घ्यायची असते. संकोच कसला करता?"

"आणि बेडरूममध्ये?"

मी जरा विचार केला. परका माणूस आमच्या पलंगावर बसून कॉफी पितोय, हे काही मला बरं वाटेना. "बेडरूममध्ये नको. बरं दिसत नाही."

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "तिथे अंधार होईल."

कॉफीने अंधार कसा होतो, ते मला कळलं नाही. पण कारागिराच्या बोलण्यात फार शिरू नये.

संध्याकाळी दार उघडलं आणि 'माफ करा' म्हणून पुन्हा लावून घेतलं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो, असंच वाटलं. मग दारावरची पाटी वाचली. आमचीच! आत हॉल कॉफीच्या रंगाचा, किचन कॉफीच्या रंगाचं, आणि मधोमध पेंटर छाती फुगवून उभा.

"दूध जास्त म्हणालात, म्हणून पांढरा जास्त मिसळला. कडक नको म्हणालात, म्हणून फिका ठेवला. दोन म्हणालात, दोन हात दिले. बघा, आहे का काही चूक?"

काहीच चूक नव्हती. मी मटकन भिंतीला टेकून बसलो. तो 'ओली आहे' म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

पुन्हा पांढरा देता येईल का, विचारलं. म्हणाला, देता येईल, पण याच्यावर तीन हात लागतील आणि प्रत्येक हात वाळायला हवा. मेट्रनबाई तर दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होत्या.

त्यांच्या आधी बायको आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग ती शिंकायला लागली. तेवढा वेळ तिला बोलता येत नव्हतं म्हणून मी वाचलो. तेवढ्यात मेट्रनबाई आल्याच. त्यांनी नमुन्याचा पांढरा एप्रन भिंतीसमोर धरला, लांबून पाहिला, जवळून पाहिला, शिवण ओढून पाहिली. जाताना एवढंच म्हणाल्या, "येते एकदा कॉफीला."

बायकोचा चेहरा खुलला. "येते म्हणाल्या हो!"

आता अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण शब्दांच्या बाबतीत मला राहवत नाही. 'कॉफीला येते' याचा अर्थ 'येत नाही', हे मी तिला नीट, उदाहरणांसकट समजावून दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि मशीनच्या खणात ठेवून दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

मी रजा टाकली, पेंटरला पुन्हा बोलावलं आणि समोर उभं राहून दोन्ही खोल्यांना तीन-तीन हात पांढरा द्यायला लावला. घर दुधाने धुतल्यासारखं झालं. बायकोने टेप खणातून बाहेर काढली. आणि रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मेट्रनबाई!

"कॉफीला येते म्हटलं होतं ना!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

बाई आत आल्या आणि थबकल्या. "अहो, ती भिंत कुठे गेली? तिच्यासमोर पांढऱ्या एप्रनचा टाका न् टाका दिसत होता. आमच्या सगळ्या मुलींना मापासाठी इथेच पाठवायचं, असं त्या भिंतीमुळेच ठरवलं होतं मी. आता पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार?"

बायकोचा हात टेपकडे गेला. ती पुन्हा खणात जायच्या आत मी म्हणालो, "भिंत उद्या तय्यार!" आणि तिथल्या तिथे पेंटरला फोन लावला. या खेपेला मात्र शब्दन् शब्द विचार करून बोललो.

"हॉलला कॉफी. दूध जरा जास्त. कडक नको. दोन द्या."

"दोन नको हो," मागून मेट्रनबाई म्हणाल्या, "मला एकच पुरे."

आम्ही सगळे मनापासून हसलो. बायकोने कॉफी केली, बाईंनी ऑर्डर दिली, आणि मी दिवसभर घरात ताठ मानेने फिरलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो, तर भिंतीवर कॉफी होती, पण तिच्यातून खालचा पांढरा ठिकठिकाणी डोकावत होता. बायको एका हाताने नाकाला पदर लावून, दुसरा कमरेवर ठेवून उभी. पेंटर ब्रश धूत होता.

"दोन हात सांगितले होते ना?" मी विचारलं.

"तुम्ही दोन म्हणालात. पण मागून बाई म्हणाल्या ना, एकच पुरे."

मी डोक्यावर हात मारून घेतला. त्याने ब्रश झटकला आणि म्हणाला, "साहेब, दुसरा हात देतो. त्याआधी जरा चहा घेऊ का?"

"कुठल्या खोलीत?" मी विचारलं.