दगडोबांच्या नावचा भार

शालूबाईंची हळद दळायची गिरणी दोन वर्षांपासून घरात उभी होती, आणि तिनं अजून मूठभर हळदही दळलेली नव्हती. दोष गिरणीचा नव्हता. जांभळवाडीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गावाच्या एका टोकाला, उपसरपंच व्यंकटरावांच्या कंपाउंडला चिकटून होती, आणि दगडोबा-शालूबाईंचं घर दुसऱ्या टोकाला. व्यंकटरावांच्या दारातून निघालेली वीज घरोघरी मुक्काम करत दगडोबांकडे पोचेपर्यंत तिच्यात जीव उरत नसे. पंखा फिरताना त्याची पाती मोजता येत. गिरणीचं बटण दाबलं की ती एकदा हुंकार देई आणि गप्प बसे. शेवटी शालूबाईंनी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायला सुरुवात केली.

पण त्यांची जिद्द गेली नव्हती. वसमतच्या बाजारात हळद विकणारे पुष्कळ. आपण ती दळून, पाकिटात भरून विकायची, असं त्यांनी बचत गटात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. नांदेडला दिलेल्या लेकीच्या नावावरून पाकिटावरचं 'कोमल हळद' हे नावही ठरलं होतं. राहिली होती फक्त वीज.

अशात बातमी आली की जुनी डीपी काढून मोठी बसवणार आहेत, आणि त्यासाठी कुणाच्या घरी काय काय चालतं ते बघायला विजेच्या ऑफिसातून माणसं येणार आहेत. व्यंकटरावांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली. गावाचा भार जितका दिसेल तितकी मोठी डीपी मिळेल, तेव्हा एकानंही काही लपवू नये, असं त्यांनी कळकळीनं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच संध्याकाळी व्यंकटराव एकेका घरी जाऊन आले. दगडोबांच्या ओट्यावर बसून ते हळूच म्हणाले, "आपला माणूस म्हणून सांगतो. बाकीचे समदे दाखवून राहिले, डीपी तर येतीच. तुमी काहून दाखवता? उद्या बिल वाढलं तर मला बोलायचं न्हाई."

अशी 'आपली माणसं' गावात बरीच होती. रात्रीतून सगळ्या गावाची वीज वापरायची सवय सुटली.

दुसऱ्या दिवशी साधना मॅडम आल्या. नोकरीला लागून वर्षही न झालेल्या, पण कामाला चोख अशा इंजिनीअर. सोबत वायरमन हरिचंद होता. निम्म्या गावाचं फिटिंग त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं होतं, त्यामुळे तो दिवसभर आभाळाकडे बघत हिंडला. प्रत्येक घरात एक बल्ब आणि एक पंखा निघाला. कूलर कडब्याच्या गंजीत गेले होते, मिक्सर धान्याच्या कणगीत. अमृतरावांनी फ्रिजला लुगडं गुंडाळून त्याच्यापुढे देव मांडले होते आणि मॅडमना ताक दिलं होतं. ताकात बर्फाचे खडे तरंगत होते.

"माठ चांगला आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या.

"शिरड शहापूरचा हाय," अमृतराव म्हणाले.

व्यंकटरावांच्या भिंतीवर पोत्यानं झाकलेली एक भलीमोठी पेटी होती. ते कबुतरांचं खुराडं असल्याचं कळलं. कबुतरं दिसत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा ती संध्याकाळी येतात, असं व्यंकटरावांनी सांगितलं. त्यांच्याही नावावर एक बल्ब आणि एक पंखा लागला.

दगडोबांनी गिरणीवरच्या बरण्या काढून तिच्यावर गोधडी टाकली आणि स्वतः वर चढून बसले. बैठक उंच झाल्यानं त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. "एक बल्ब, एक पंखा," त्यांनी मॅडम दारात असतानाच सांगून टाकलं.

शालूबाई चुलीपासून उठून आल्या. "अवो, उतरा खाली."

"काहून?"

"गिरणीवर बसून राहिले तुमी."

दगडोबा उतरले. चारचौघांत बायकोशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता, आणि एकांतात ते जिंकत नसत. शालूबाईंनी गोधडी ओढली. मग फ्रिज दाखवला, कूलर दाखवला, टीव्ही, मिक्सर, इस्त्री आणि परसातली बोअरची मोटरही दाखवली.

"समदं लिवा म्याडम," त्या म्हणाल्या. "चालत एकबी न्हाई, पण हाय."

गावाला दोन दिवस हसायला झालं. दगडोबा पारावर जायचे बंद झाले.

मॅडमनी मात्र जाताना एक काम केलं होतं. डीपीवर मोजायचं यंत्र लावून ठेवलं होतं. एका बल्बच्या आणि एका पंख्याच्या त्या गावात डीपी तर मरणाच्या ओझ्याखाली कण्हत होती. लोकांनी सांगितलेला सगळा भार एकत्र केला तरी यंत्रानं मोजलेल्या भाराच्या पासंगालाही पुरेना. मॅडम परत आल्या, पारावर उभ्या राहिल्या आणि राहिलेली वीज कोण वापरतं, असं त्यांनी विचारलं. अमृतरावांनी देवळाकडे बघून हात जोडले.

"मग मला नियमानं वाटणी करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "ज्यानं जितका भार दाखवला, त्या प्रमाणात राहिलेला त्याच्या नावावर."

थोडं दाखवणाऱ्याला थोडा, जास्त दाखवणाऱ्याला जास्त. सगळं खरं दाखवणारं घर गावात एकच होतं. वाटणी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त गावाचा भार दगडोबांच्या नावावर बसला. व्यंकटरावांचा एसी, अमृतरावांचा फ्रिज, गंजीतले कूलर, सगळे कागदावर त्यांच्याच घरात येऊन पडले. हरिचंद आभाळाकडे बघत म्हणाला, "कागदावर आता दगडोबाच्या घरी साखर कारखाना हाय."

दगडोबांचं अन्नपाणी तुटलं. बायकोच्या खरेपणापायी आपण कामातून गेलो, आता ऑफिसची माणसं येऊन सगळं उचलून नेणार, असं त्यांनी मनाशी धरलं. भार हलका करावा म्हणून ते फ्रिज द्यायला अमृतरावांकडे गेले. फुकट देतो म्हणाले. दारात महारोगी उभा राहिल्यासारखे अमृतराव मागे सरकले. कूलर कुणी घेईना, टीव्हीला कुणी हात लावीना. ज्या गावात शेजाऱ्याच्या बांधावरची बाभळही रातोरात सरकते, त्या गावात फुकटच्या फ्रिजला गिऱ्हाईक मिळालं नाही.

शेवटी शालूबाई गटाच्या बैठकीला कळमनुरीला गेल्याचं बघून त्यांनी गावातल्या रणजीतचा छोटा हत्ती टेम्पो बोलावला, गिरणी चढवली आणि वसमतला विकायला निघाले. डोंगरकड्याच्या अलीकडे समोरून एक ट्रक आला. मागे खांब होते आणि ताडपत्रीनं झाकलेलं काहीतरी अवजड होतं. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "चाचा, जांभळवाडी में दगडोबा का घर किधर है? सबसे ज्यादा लोड उसी का बोले."

दगडोबांना वाटलं, उचलून न्यायला ऑफिसची माणसं आलीच. मॅडमपुढचं त्यांचं खोटं टिकलं नव्हतं, पण वेळ आली की माणूस शिकतो. "गाव में घुसतेच पहिला घर," ते म्हणाले. "बडा कंपाउंडवाला."

वसमतला जुन्या मशिनरीच्या दुकानदारानं गिरणी चालवून बघू म्हटलं. बटण दाबलं आणि गिरणी अशी काही गर्जली, की दगडोबा दोन पावलं मागे सरले. दुकानदारानं हळकुंडाचे तुकडे टाकले. खालून मऊ पिवळीजर्द पूड आली, आणि तिचा वास दुकानभर झाला. "नवीच हाय की ही, काहून विकून राहिले?" तो म्हणाला.

दगडोबांनी ती पूड बोटांत घेतली. दोन वर्षांत हा आवाज आपल्या घरात कधी झाला नाही. शालूनं तो एकदाही ऐकलेला नाही, आणि आपण तो विकायला आणला आहे. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. गिरणी परत चढवायला त्यांनी स्वतःच हात लावला.

वाटेत रणजीत सहज म्हणाला, "आता तर काय, डीपीबी तुमच्याकडंच येऊन राहिली."

"कोनती डीपी?"

"मघाच्या ट्रकात होती ना. भार जिथं जास्त तिथं बसवितेत. मला वाटलं, तुमाला ठाव हाय." रणजीतनं विचारलं, "पन मंग तुमी तिला व्यंकटरावांकडं काहून धाडली?"

पुढचा सगळा रस्ता दगडोबा मागे गिरणीजवळ बसून आले.

इकडे ट्रक व्यंकटरावांच्या दारात उभा राहिला होता. मुकादमानं खाली उतरून विचारलं, "ज्यादा लोडवाला घर यही है ना?"

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. "लोड? आमच्याकडं एक बल्ब, एक पंखा. गावाला विचारा." गाव जमलंच होतं. सगळ्यांनी एकमुखानं साक्ष दिली, कारण प्रत्येकाला आपापला एक बल्ब सांभाळायचा होता. सगळा भार दगडोबांचा, असं व्यंकटरावांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी मोटारसायकल काढली आणि ट्रकच्या पुढे होऊन त्याला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दगडोबांच्या कुंपणापाशी नेऊन सोडलं.

खड्डे खणून झाल्यावर ताडपत्री निघाली. नवीकोरी डीपी बघून व्यंकटराव जरा घुटमळले. मग मुकादमाला बाजूला घेऊन म्हणाले, तसा थोडाफार भार आमच्याकडेही आहे.

"अभी तो बोले एक बल्ब," मुकादम म्हणाला, आणि जाताना व्यंकटरावांच्या कंपाउंडजवळची जुनी डीपी उतरवून घेऊन गेला.

दिवस मावळताना दगडोबा पोचले, तेव्हा कुंपणाशी डीपी आणि डीपीशी शालूबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी टेम्पोतल्या गिरणीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"वसमतला चालवून बघितली," दगडोबा खाली मान घालून म्हणाले. "लई झकास चालती."

शालूबाईंना काय समजायचं ते समजलं. "उतरवा मंग," त्या म्हणाल्या. "जपून."

त्या आठवड्यापासून 'कोमल हळद' बाजारात जायला लागली. गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यंकटरावांचा एसी बटण दाबलं की एकदा हुंकार देई आणि गप्प बसे.

एके दिवशी सकाळी व्यंकटराव टॉवेलखाली काहीतरी झाकून दगडोबांच्या ओट्यावर आले. घरी पाहुणे होते आणि चटणी वाटली जात नव्हती. त्यांनी टॉवेल काढून मिक्सर पुढे केला.

"ह्यो कुनाचा?" शालूबाईंनी विचारलं. "तुमच्याकडं तर एक बल्ब, एक पंखा."

व्यंकटरावांनी इकडेतिकडे बघितलं. "कागदावर तुमचाच हाय, वैनी."

शालूबाईंनी चटणी वाटली, वाटीत काढून त्यांच्या हातात दिली आणि मिक्सर पुसून फळीवर ठेवला. तिथं अमृतरावांचा आधीच होता.