पडद्याचं भोक

मी निजाम सरकारच्या नांदेड तहसील कचेरीतला अहलकार, म्हणजे कारकून. उर्दूत अर्ज-दरख्वास्ती खरडणं एवढंच मला येतं. कॅमेरा कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण हैदराबादेहून माझे मेहुणे बापूसाहेब कॅमेरा घेऊन आले आणि पुढं मुखेडला जाताना रस्त्यावरच्या धुळीत नको, म्हणून दोन दिवस आमच्याकडं ठेवून गेले.

“दाजी, आत रोल नाही. फक्त ह्याचं तोंड सूर्याकडं करू नका. भिंगातून ऊन शिरलं की आतला कापडी पडदा जळतो.”

आता हे सांगायची काही गरज होती का? (बजावलं नसतं, तर मी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं.) सूर्य कुठं, सुपारीएवढं भिंग कुठं! खरंच जळत असेल? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कॅमेरा घेऊन खिडकीत उभा राहिलो.

“काय करून राहिलात?” चुलीपासून बायकोनं, सौदामिनीनं विचारलं.

“प्रयोग. फक्त तीन मोजतो.”

“थांबा, मीबी बघते!” ती धावत आली.

एक... दोन... आणि जळका वास! झटकन कॅमेरा खाली घेतला, मागचं झाकण उघडून उजेडाकडं धरला. काळ्या पडद्यात मोहरीएवढा उजेड लुकलुकत होता. मी कपाळावर हात मारला.

सौदामिनी मात्र लगेच कामाला लागली. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणवलं, त्यात काजळ कालवलं आणि सुईच्या टोकानं भोक असं बुजवलं, की कुठं होतं ते कळेना.

तरी माझं मन मला खात राहिलं. बापूसाहेब परतताच मी हात जोडले. “हुजूर, खता माफ व्हावी! पडद्याला भोक माझ्या हातून—”

“ते होय?” ते ओशाळले. “दाजी, ते गेल्या उन्हाळ्यात मीच पाडलं. पाच मिनिटं धरला होता. मलाही बघायचं होतं.”

“मग तो वास?”

“भाकरीचा,” सौदामिनी म्हणाली. “तुमचा प्रयोग बघायच्या नादात तव्यावरच राहिली.”

बापूसाहेबांनी पडदा निरखला. हैदराबादेत दोन कारागिरांनी हात टेकले होते म्हणे. “अक्का, आता हा तुझ्याचकडं राहू दे.”

तेव्हापासून सौदामिनीबाई फोटो काढायला निघाल्या, की कॅमेऱ्यावर छत्री धरून एक इसम मागून चालतो. परवा एका बाईंनी मला विचारलं, “बाई पगार किती देतात रे तुला?”