लांब शब्दाची पाटी

“जो शब्द म्हणता येत नाही, तो मी रंगवत नाही, बाई,” पेंटर म्हणाला. हा त्याचा वीस वर्षांचा नेम होता. मात्र मनोविकारांच्या या दवाखान्यात त्या नेमास निराळीच गोडी आली. कारण उच्चार शिकविण्यास डॉक्टरांस सवड नव्हती, आणि नोंदवहीपाशी बसणाऱ्या बाईंस ती होती.

डॉक्टरांना दारावरच्या पाटीवर हवा असलेला शब्द होता लांबलचक शब्दांच्या भीतीचा. बाईंनी त्याचे तुकडे पाडले. “रोज एकच घ्यायचा. आज ‘हिप्पो’. म्हणजे ग्रीकमध्ये घोडा.”

पेंटर दिवसभर ती दोनच अक्षरे रंगवीत बसला.

दुसऱ्या दिवशी ‘पोटो’, म्हणजे नदी. तिसऱ्या दिवशी ‘मॉन्स्ट्रो’, म्हणजे राक्षस.

“हा पण ग्रीकच का?”

“नाही, लॅटिन. मध्येच घुसलाय.”

“राक्षसच तो. विचारून थोडाच येणार?”

बाई हसल्या. कित्येक वर्षे एकट्याने डबा उघडणारा तो गृहस्थ त्या दिवशी जेवणच विसरला. त्यापुढे तो एकेक तुकडा मुद्दाम तीनतीनदा चुकवू लागला, म्हणजे बाई तो पुन्हा म्हणत, आणि त्याला त्यांच्या ओठांकडे उजळ माथ्याने पाहता येई.

परंतु अख्खा शब्द ठाऊक नसल्याने मापाचा दोरा काही धरला गेला नव्हता. चौथ्या दिवशी पाटी संपली.

“आज ‘सेस्क्वि’. म्हणजे दीड.”

“पाटीच दीड हवी होती, बाई.”

मग शब्द भिंतीवर उतरला. ‘पेडालिओ’, म्हणजे पावलाचा, दाराची चौकट ओलांडून गेला, आणि ‘फोबिया’ थेट बाईंच्या खिडकीशी येऊन थांबला.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “अहो, हे काय मांडलंय? तीन पेशंट फाटकातूनच माघारी पळाले. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांनाच धडकी भरतेय. पुसा सगळं. नुसतं ‘भीती’ लिहा.”

डॉक्टर आत गेले. पेंटरचे तोंड एवढेसे झाले. ‘भीती’ हा शब्द त्यास लहानपणापासून अस्खलित म्हणता येत होता. तो ब्रश पुसू लागला.

बाईंनी नोंदवही मिटली. “पेंटर, ‘भीती’ म्हणता येतं ना नीट?”

पेंटरने ब्रश खाली ठेवला. वीस वर्षांत तो कामाबाबत एकदाही खोटे बोलला नव्हता.

“नाही येत, बाई.”

“मग उद्या ‘भी’ घेऊ,” बाई म्हणाल्या. “नुसता ‘भी’.”