नानांच्या पिकअपचे मागचे ब्रेक

हिराजीनाना दुसऱ्याच्या गाडीत बसले की स्वतः ब्रेक मारतात. म्हणजे तिथे ब्रेक नसतोच, पण त्यांचा उजवा पाय नुसत्या पत्र्यावर जीव खाऊन दाबला जातो. रिक्षात मागच्या सीटवर असले तरी तेच. एकदा हळदीला मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. बेंजोवाले रंगात आले, ठेका चढत गेला आणि नानांचा पाय सतरंजीवर असा काही आपटला की पुढची पाहुणेमंडळी दचकून मागे वळली. नाना त्यांना शांतपणे म्हणाले, "यांना आता कंट्रोल नाय ऱ्हायला."

माणसांची पारखही ते ब्रेकवरूनच करायचे. मुलगी आपट्याला दिलेली, त्या जावयाबद्दल त्यांचं मत असं, "पोरगा बरा हाय, पन ब्रेक उशिरा लागतो." माझ्याबद्दल म्हणायचे, "मास्तर, तुमचा ब्रेक लय टाईट. मानूस पुढंच सरकत नाय." मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि नानांच्या शेजारी दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मध्ये त्यांचं अंगण, आणि अंगणात त्यांची पिकअप. ती पहाटे मोरा बंदरावर जायची, मासळीचे क्रेट भरून बाजारात यायची आणि मग दिवसभर मिळेल तो माल वाहायची.

बहुतेक पिकअपना असतात तसे हिलाही मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक होते. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी त्यांच्यावर वर्षानुवर्षं ठिबकत आलेलं. त्यामुळे गाडी थांबताना ते किंचाळायचे. साधं करकरणं नव्हे, चांगली लांबलचक किंकाळी! संध्याकाळी नाना अंगणात शिरले की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. माझी बायको मीनल माहेरी फोनवर बोलत असली तर सांगायची, "थांब गं, नाना येताहेत, होऊ दे."

मग नानी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. घरात नाना एकटे उरले. मुलीने आपट्याला चला म्हणून फार गळ घातली, पण ते हलले नाहीत. कार्य उरकल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांनी ओट्यावर बसून जाहीर केलं, "मागचं ड्रम काढून डिस्क लावनार."

कारण विचारलं तर प्रत्येकाला वेगळं. पानवाल्याला सांगितलं, कर्नाळ्याच्या उतारावर भरवसा वाटत नाही. मुलीला सांगितलं, वय झालं, आता जपायला हवं. मला म्हणाले, "न्हावा शेव्याचं कंटेनर बघताव ना? जल्लं डोंगर हाय डोंगर! त्यांच्यापुढं गाडी जागच्या जागी थांबाया पायजे." आता गाडी जागच्या जागी थांबली तर मागचा कंटेनर काय करील, हे मी विचारलं नाही. नानांशी ब्रेकवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

त्यांचा मेकॅनिक अस्लम मात्र विचारायला भ्याला नाही. "नाना, पीछे डिस्क कौन लगाता है? लायनर घिसके देता हूँ, आवाज बंद." त्याने ड्रममधले लायनर घासून दिले. चार दिवस गाडी गप्प राहिली, मग खाऱ्या पाण्याने आपलं काम केलं आणि ताटल्या पुन्हा थरथरू लागल्या. नाना परत गॅरेजवर. "ड्रमच नको मना. काढ."

"हँडब्रेक भी जाएगा, नाना."

"जाऊ दे. दगड हाय ना चाकाखाली लावाया."

अस्लमने कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. भंगारात निघालेल्या एका गाडीच्या डिस्क आणल्या, लेथवाल्याकडून पट्ट्या कापून घेतल्या, त्या बसेनात म्हणून पुन्हा कापल्या. एवढे दिवस नाना तिथेच स्टुलावर. मासळी बंद, भाडी बंद. ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तसा त्यांचा चेहरा होता.

शेवटी काम राहिलं ते ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं. याला दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने खाली झोपून नट सैल करायचा. शुक्रवार होता, अस्लम नमाजला गेलेला. नानांना तेवढाही धीर निघेना. मी शाळेतून घरी निघालो होतो, तर रस्त्यातूनच मला पकडून केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः पाना घेऊन गाडीखाली गेले.

"मारा पंप! मारा! आता दाबून धरा. सोडू नका, मास्तर, सोडू नका बोलतो ना!"

माझी पोटरी भरून आली. तशात मी विचारलं, "नाना, एवढी खरंच गरज होती का हो?"

खाली पाना नटाला लागल्याचा आवाज आला.

"दाबलाय ना?"

"दाबलाय."

"मंग ऐका. ड्रम वाजला का नानी उठायची. हातातलं काम टाकून कडी काढायची. मी गाडी बंद करेपत्तुर दारात. 'आयलाव का?' बोलायची. मी तिच्या समोर, तरी रोज इचारायची. मी बोलायचो, नाय, माजा भूत आयलाय." पाना लोखंडावर वाजला. "आता ड्रम वाजतो न मी दाराकं बघत ऱ्हातो. आता कडी निघंल, आता निघंल. रोज. कोनाला सांगू हे? सोडा आता."

मी पाय सोडला. बाजूच्या आरशात त्यांची तेवढी एक चप्पल दिसत होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की मी तिथे नुसता ब्रेकजवळ पाय घेऊन बसलो होतो.

"परत दाबा," खालून आवाज आला. "हवा हाय अजून."

त्या संध्याकाळी मी घरात वह्या तपासत होतो. ताटल्या जागच्या हलल्या नाहीत. सहज खिडकीतून पाहिलं तर पिकअप अंगणात येऊन उभी! मी बाहेर गेलो. इंजिन चालू होतं आणि नाना स्टिअरिंग धरून बसलेले, पाय ब्रेकवर.

"काय नाना! पत्ता लागू दिला नाहीत. झकास काम झालंय!"

"व्हय." त्यांची नजर घराकडे होती. "आवाज गेला, मास्तर. पन मी बघतोच हाय."

दाराला बाहेरून त्यांनीच सकाळी लावलेलं कुलूप होतं. अंगणाला उतार, म्हणून मी दगड शोधून चाकाखाली सरकवला आणि म्हणालो, "उतरा आता." त्यांनी मान हलवली, पण पाय काही ब्रेकवरून काढला नाही. इंजिन तसंच चालू. मीही तिथेच उभा राहिलो.

तेवढ्यात आमचं दार उघडलं. गॅरेजमधलं बोलणं मी मीनलला सांगितलेलं नव्हतं. ती पिठाच्या हातांनीच उंबऱ्यावर आली आणि तिथूनच ओरडली, "अगंबाई! नाना, आलात का? कळलंच नाही हो!"

नानांनी हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आयलू गो बाय," ते म्हणाले, आणि चावी फिरवून त्यांनी गाडी बंद केली.