पार्किंगमधले पिळ्ळैयार

कायद्याचं मला काही सांगू नका! अड्यारमधल्या आमच्या अपार्टमेंट असोसिएशनचा सेक्रेटरी मीच, आणि तिची नियमावली पहिल्या कलमापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत लिहिली तीही मीच! त्यामुळे वरच्या मजल्यावरचा जयतीर्थ त्याची दुसरी गाडी रोज माझ्या पार्किंगमध्ये घालू लागला, तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. सरळ असोसिएशनच्या वकिलांकडे, राममूर्तींकडे गेलो.

"नोटीस काढू," राममूर्ती म्हणाले. "तो उत्तर देईल. मग केस, मग तारखा. तुमचा नातू तिथे नक्की गाडी लावेल."

"माझ्या मुलीचं अजून लग्न व्हायचंय, सार!"

"मग घाई कसली?"

म्हटलं, वकील गेला उडत! टी. नगरला जाऊन पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, चित्र असलेली टाइल आणली. भिंती घाण होऊ नयेत म्हणून लोक लावतातच की अशा टाइल्स! मी ती माझ्या जागेमागच्या भिंतीवर सिमेंटने पक्की बसवली. देवाच्या तोंडावर धूर सोडायची कोणाची छाती आहे?

संध्याकाळी जयतीर्थ आला. टाइल बघून खाली उतरला, चप्पल काढली, पिळ्ळैयारपुढे करतात तसं, तमिळ रीतीने, मुठींनी स्वतःच्या कपाळावर टकटक केलं आणि गाडी मागे घेतली. मी खांबाआडून बघत होतो. बढती मिळाली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येतो तर माझ्या जागेत ही एवढी थोरली रांगोळी! वर समई, दूर्वांचा हार, आणि शेजारच्या विजयलक्ष्मी मामी देवाला नमस्कार म्हणून कान धरून उठाबशा काढताहेत. मी हॉर्न वाजवला.

"अय्यो! देवाच्या अंगावर गाडी घालता?"

"मामी, जागा माझी आहे."

"केवढं पुण्य हो तुमचं!"

पुण्य घेऊन मी गाडी रस्त्यावर लावली. शुक्रवारी तिथे प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटलं. मग घंटा आली. मी पुन्हा राममूर्तींकडे.

"टाइल काढून टाकतो!"

"कायद्याच्या नजरेत देव ही व्यक्ती असते," ते चष्मा पुसत म्हणाले. "शिवाय तुमचं कलम आहे. देवाची वस्तू सर्व सभासदांच्या एकमताशिवाय हलवायची नाही."

अहो, ते मी गच्चीवरच्या आईच्या तुळशीसाठी घातलं होतं!

सभा बोलावली. देवाला गेटपाशी छान कोनाडा बांधू, अशी सूचना मांडली. मामींचा हात वर. जयतीर्थचाही वर! सगळेच हात वर, एक सोडून.

फ्लॅट माझ्या आईच्या नावावर आहे, म्हणून मतही तिचंच. आई, म्हणजे सकवारबाई, हात मांडीवर ठेवून शांत बसली होती.

"आई, हात!"

"देव आपल्या पावलांनी आपल्या जागेत आला, बालाजी. मी त्याला ऊठ म्हणू?"

"कसली पावलं? मीच बसवलाय सिमेंटने!"

"मग त्यानंच तुझ्या हातून बसवून घेतलं."

जयतीर्थने घसा खाकरला. सामायिक भिंतीवर सिमेंट लावायची परवानगी घेतली होती का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्यालाही कलम आहे. तेही मीच लिहिलंय.

हल्ली मी सेक्रेटरी नाही. गाडी दोन गल्ल्या सोडून एका लांबलचक भिंतीपाशी लावतो. सावली चांगली आहे, कोणाची कटकट नाही. काल मात्र त्या भिंतीवर एक नवी टाइल दिसली. पिळ्ळैयारचे धाकटे बंधू, मुरुगन.

मी खाली उतरलो, चप्पल काढली आणि गाडी मागे घेतली.