झाकण नसलेली बरणी

माझ्यासारखी नीटनेटकी बाई शोधून सापडायची नाही. हे मीच सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगत नाही! पहिलंवहिलं चित्रप्रदर्शन म्हटलं की भल्याभल्यांची तारांबळ उडते. माझी उडणार नव्हती. चोवीस चित्रं तयार, त्यांच्या नावांच्या चोवीस चिठ्ठ्या छापून तयार, वाचनालयाच्या वरचा हॉल महिनाभर आधी ठरवलेला. विषय, आमच्या स्वयंपाकघरातली भांडी. सगळी चारकोलमध्ये, म्हणजे कोळशाच्या कांडीने. उद्घाटन सासऱ्यांच्या हस्ते, सकाळी अकरा वाजता. सांगा, यात चुकायला जागा तरी कुठे होती?

आमचे सासरे, म्हणजे अप्पा, तीस वर्षं हेडमास्तर होते. "दुपारी झोपणारा माणूस अर्धं आयुष्य फुकट घालवतो," हे त्यांनी हजारो पोरांना ऐकवलं आणि निवृत्त झाल्यापासून आम्हाला ऐकवतात. रविवारी माझ्या नवऱ्याने नुसती उशी उचलली तरी बाहेरच्या खोलीतून खाकरणं ऐकू येतं! स्वतः अप्पा मात्र जेवण झालं की पेपर घेऊन आरामखुर्चीत बसतात. दहाव्या मिनिटाला पेपर छातीवर, चष्मा कपाळावर आणि तोंड सताड उघडं. घोरणं असं की कपाटाच्या काचा थरथरतात. उठवलं तर म्हणतात, "जागाच आहे मी. डोळे मिटून विचार करत होतो."

आता चित्र काढणाऱ्या बाईला दोन तास न हलणारा माणूस घरबसल्या मिळाला, तर ती सोडेल का हो? भांडी काढून कंटाळा आला की मी गुपचूप अप्पांना काढायचे. दोन वर्षं काढलं. त्यांच्या नाकपुड्या, हनुवटीखालच्या घड्या, खुर्चीबाहेर लोंबणारा हात. खरं सांगू? माझी सगळ्यात चांगली चित्रं तीच. पण ती दाखवणार कुणाला? मी चित्रं काढते हे कळल्यावर याच माणसाने स्वतःची खिडकीची खोली मला देऊन टाकली होती. "उजेड तुला लागतो. मला काय, टेकायला भिंत पुरते," असं म्हणाले होते. त्यांचं चारचौघांत हसं करू? छे! मी ती चित्रं एका फायलीत घातली आणि कुणी उघडू नये म्हणून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भांडी'. आमच्या घरात भांडी म्हटलं की सगळे चार हात लांब राहतात!

खऱ्या भांड्यांच्या फायलीवर मी काहीच लिहिलं नाही. ती काय, मला माहीतच होती.

प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी मला सणसणून ताप भरला. अंथरुणातूनच नवऱ्याला म्हटलं, "कपाटातली भांड्यांची फाईल फ्रेमवाल्याकडे दे. चोवीस चित्रं मढवून परस्पर हॉलवर पाठव म्हणावं." माझ्या नवऱ्याला सांगितलेलं काम धड कधी जमत नाही. पण त्या दिवशी त्याने ते अगदी जसंच्या तसं केलं!

उद्घाटनाच्या दिवशी साडेदहाला मी हॉलवर पोचले. तिथला शिपाई दारातच छाती काढून उभा. "बाई, सगळी चित्रं लावली. चिठ्ठ्यासुद्धा नंबराप्रमाणे चिकटवल्या."

आत पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चारी भिंतींवर चोवीस अप्पा गाढ झोपलेले! एका कुशीवर कललेल्या अप्पांखाली चिठ्ठी, 'पालथं पातेलं'. गाल फुगवलेल्या अप्पांखाली, 'जुनी किटली, वाफेसह'. आणि जबडा अगदी कानापर्यंत उघडलेल्या अप्पांखाली, 'झाकण नसलेली बरणी'!

नवऱ्याला फोन लावला. "तू कुठली फाईल दिलीस?"

"वर भांडी लिहिलेली. का गं?"

"अरे, त्यात अप्पा होते!"

"भांड्यांच्या फायलीत अप्पा कशाला ठेवलेस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "बरं, आम्ही कोपऱ्यावर आलोय. अप्पांनी मित्रांनाही आणलंय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी शिपायाला ओरडून सांगितलं, "उतरवा सगळी!"

"स्टूल खाली नेलंय बाई, ट्यूब बदलायला."

चित्रं जागच्या जागी उलटी फिरवावी, तर टांगायची तार फक्त मागच्या बाजूला. शेवटी फ्रेमवाल्याचे खाकी कागद गोळा केले आणि एकेका अप्पांवर पांघरूण घालत सुटले. दोन झाकून होतात न होतात, तोच जिन्यावर काठी वाजली. हेडमास्तर कधी वेळेवर येतात का? नेहमी आधीच! बरोबर त्यांचे सकाळी फिरायला येणारे दोन मित्र, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक वकीलसाहेब. मागे माझा नवरा, चेहरा पडलेला.

मी धावत जाऊन दिवे घालवले. "अगंबाई, लाईट गेली! अप्पा, आपण आधी खाली चहा घेऊ या."

"गेली नाही बाई, बटण बंद झालंय," असं म्हणत शिपायाने खटाखट सगळे दिवे लावले.

आता काय करू? "अप्पा, चष्म्यावर केवढी धूळ ही!" म्हणत मी त्यांचा चष्मा ओढूनच घेतला आणि खसाखसा पुसला. पुसला तो माझ्या चारकोलच्या रुमालाने. काचा तव्यासारख्या काळ्या झाल्या. म्हटलं, चला, काही तरी बरं झालं! पण मित्रांच्या नाकांवरही चष्मे होतेच की.

पोस्टमास्तर एका चित्रापुढे थबकले. सावकाश वाचलं, "झाकण नसलेली बरणी." वर बघितलं. मग अप्पांकडे बघितलं. "वकीलसाहेब, जरा इकडे या हो!"

दोघे पोट धरधरून हसायला लागले. "काय हेडमास्तर? दुपारी झोपत नाही ना तुम्ही? इथे तर चोवीस दुपारी झोपलाय!"

अप्पांनी माझ्या हातातून चष्मा घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वह्या तपासाव्यात तसे एकेका चित्रापुढून जाऊ लागले. माझी पाचावर धारण बसली. उद्यापासून हे त्या खुर्चीला शिवायचे नाहीत. दुपारभर ताठ बसून राहतील, माझ्याशी बोलणार नाहीत, आणि या वयात त्यांची झोप मी घालवली! मला रडूच यायला लागलं.

"अप्पा, चुकलं माझं..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मित्रांकडे वळले. "दात काय काढताय? मॉडेल म्हणून बसणं म्हणजे काय ते ठाऊक आहे का? दोन वर्षं बसलोय! नाकावर माशी बसली तरी हललो नाही. तुम्ही दहा मिनिटं बसून दाखवा!"

"पण डोळे मिटलेत तुमचे," वकीलसाहेब म्हणाले.

"झोपेचं चित्र आहे. उघड्या डोळ्यांनी झोपू?"

"आणि तो जबडा?"

"त्याला सराव लागतो."

आता इथे गप्प बसावं की नाही? पण माझा नवरा! "अप्पा, मग ते घोरणं?"

अप्पांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "न घोरता हिला खरं वाटलं असतं का?"

जिवात जीव आला हो माझ्या! मी रडता रडता अशी काही हसले की शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावला. मग त्याने फीत धरली आणि अप्पांनी ती ऐटीत कापली. नंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाराव्या चित्रात नाक जरा मोठं झालंय का गं?"

"नाही, अप्पा."

"हं. मग असेल तेवढं. चिठ्ठ्या तेवढ्या बदल. ती बरणीची राहू दे, छान आलीये."

दुसऱ्या दिवशी जेवण होताच अप्पांनी हाक मारली, "सूनबाई, मी कामाला बसतोय!" आणि पेपरचं नाटक न करता सरळ डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर स्वतःची उशी घेऊन हजर. "आम्हालाही काढ की गं." चौथ्या दिवशी वकीलसाहेब! आता रोज एक ते तीन आमच्या बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या तीन सुरांत घोरतात. माझ्या हातून चमचा पडला तर अप्पा एक डोळा उघडून म्हणतात, "शू! काम चाललंय."

काल पोस्टमास्तरांच्या बायकोचा फोन आला. आवाजात काळजी. "अहो, तुमच्याकडे यांना फार राबवता का हो? काम करून इतके दमून येतात, की आल्या आल्या आडवे होतात!"

मी म्हटलं, "हो ना, वहिनी. उद्या अर्धा दिवस सुट्टी देते."